सोफ्याचं गिऱ्हाईक

श्रूजबरी, १४ ऑक्टोबर २००५

राग अजून जात नाहीये. सोफा विकायची जाहिरात नेटवर टाकली होती. गिऱ्हाइकाने किमतीच्या दुप्पट रकमेचा चेक पाठवला. वरचे पैसे म्हणे सोफा न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याला लगेच वायर करा, म्हणजे बँकेतून थेट पाठवा. सोफ्याचा रंगसुद्धा विचारला नव्हता त्याने. तेव्हाच कसं खटकलं नाही मला?

आज चेक भरण्याआधी, ज्या बँकेचं नाव त्यावर होतं तिथे मीच फोन केला. असा चेक आम्ही दिलेलाच नाही, म्हणाले. पैसे वायर केले असते तर मागाहून चेक परत आला असता आणि माझे पैसे गेलेच असते. आणि रंगसुद्धा नाही विचारला!

संध्याकाळी त्याचा फोन आला. पैसे पाठवणार नाही म्हटल्यावर ओरडला, "पोलिसात देईन, डिपोर्ट करवीन!"

तरी म्हटलं, "जा पोलिसात. मीही येते." त्याने फोनच ठेवला.

मिलिंद ऑफिसातून आल्यावर सगळं सांगितलं. म्हणाला, "फाडून टाक तो चेक. आपण व्हिसावर आहोत, पोलिसांची भानगड कशाला?"

"अरे, आपण असंच म्हणणार हे त्याला माहीत आहे. उद्या तो दुसऱ्या कुणाला तरी घाबरवेल."

नवऱ्याने चेक उलटसुलट करून पाहिला. मग हळूच, "इंग्लिशमध्ये नीट सांगता येईल तुला?"

हे मात्र लागलं. म्हटलं, "माझं इंग्लिश फोनवर त्याला तर बरोब्बर कळलं."

सकाळी चेक आणि ईमेलचे प्रिंटआउट घेऊन पोलिस स्टेशनला जाणार. मिलिंद सुट्टी काढतो म्हणाला. नको म्हटलं. मीच ड्राइव्ह करेन.