धोट्याच्या पेटीतली झाडं

२ मार्च
खोली मिळाली. सकाळी घरमालकीण रुखमाबाईंनी स्वतः फोन करून पक्कं केलं, कधीही ये, चावी तयार आहे. दुपारी मी सामानासकट सक्करदऱ्यात हजर. अभिजीतदादा उमरेडहून टेम्पो घेऊन आला होता.

तळमजल्यावरची खोली, मोठी खिडकी, नव्या टाइल्स, ताजा रंग. पूर्वी इथे त्यांच्या यजमानांच्या, मनोहररावांच्या कृषी केंद्राचं गोदाम होतं, फवारणीच्या औषधांचं. दुकान बंद झालं आणि गोदामाची खोली झाली. वर ते दोघंच राहतात. भाडं इतकं कमी की दादाने मला बाजूला घेऊन विचारलं, काही भानगड तर नाही ना? मी म्हटलं, चांगली माणसंही असतात रे. रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते, तिथे इथून थेट ऑटो मिळतो.

सगळ्यात शेवटी धोट्याची काचपेटी उतरवली. धोटा म्हणजे माझा मिलिपीड, बोटाएवढा जाड, काळा, लाल पायांचा. बाबांच्या हातमागावर धोटा जसा सुळकन जायचा तसा हा जातो, म्हणून ते नाव. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला, अवं माय, हा तं वाणी किडा! मनोहरराव हसून हसून खोकले. म्हणाले, पोरी, आम्ही शेतात याले औषध मारतो आन् तू याले काचेत पाळून राहिली?

मी दोघांना बजावलं की हात लावू नका. घाबरला की तो गोल गुंडाळतो आणि अंगातून विषारी पाणी सोडतो, बोटं तपकिरी होतात.

८ मार्च
धोट्यासाठी जिवंत झाडं शोधते आहे. झाडं असली की पेटीत ओल टिकते, आणि त्याला लपायला जागा होते. कण्हेर, रुई, शेर हे चिकाचे प्रकार आधीच बाद. मनीप्लांट, नेचा, फिटोनिया आणि शेवाळ चालेल.

खरी पंचाईत नर्सरीची. प्रत्येक जण सांगतो, ताई, औषध मारलंच नाही. पण काही औषधं झाडाच्या रसात मुरतात, पान कितीही धुतलं तरी निघत नाहीत. वाणी तेच पान कुरतडतो. म्हणून मी नर्सरीची माती टाकून दिली, फांद्या तोडून बाटल्यांत पाण्यात ठेवल्या. जुनी पानं फेकायची. माझ्या खिडकीत जे नवं फुटेल, तेवढंच पेटीत जाईल.

रुखमाबाई चहा घेऊन आल्या, बाटल्या बघून म्हणाल्या, एवढं तं मी अश्लेषाच्या वेळी बी केलं नव्हतं वं. अश्लेषा त्यांची एकुलती एक मुलगी, रायपूरला दिलेली. पहिलटकरीण आहे, बाळंतपणाला इथेच येणार.

१९ मार्च
नवी पानं आली. तरी धोट्याला लगेच सोडणार नाही. आधी दुसरा एखादा साधा वाणी त्या झाडांत ठेवून बघायचा. मनोहररावांनी मौद्याच्या शेतातून, विहिरीजवळच्या ओल्या पाल्यातून एक आणून दिला. लहान, तपकिरी.

त्यांनी विचारलं, आन् हा मेला तं? मी म्हटलं, तर ती झाडं फेकायची, धोटा वाचला. आन् हा? मी म्हटलं, हा काय, शेतातलाच.

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी रुखमाबाईंकडे पाहिलं. त्या चहा उतू जाईल म्हणत जिन्याकडे गेल्या. चहा तर आमच्या हातात होता.

४ एप्रिल
शेतातला लहानगा वाणी ठणठणीत. आज धोट्यालाही सोडलं. नेच्याखाली असा शिरला जसं काही घर त्याचंच.

ऊन फार वाढलं. मिलिपीडला उकाडा सोसत नाही म्हणून मनोहररावांनी आपणहून कूलर लावून दिला. ओली हवा छान वाटते. फक्त खोलीला कसलासा वास येतो, लसणासारखा.

रुखमाबाई रोज सकाळी विचारतात, डोकं दुखते का, जेवण जाते का, झोप लागते का. माझी आई फोनवर एवढं विचारत नाही.

अश्लेषाचं तिकीट निघालं. डॉक्टरांनी तिला जिना चढायला मनाई केली आहे. मग ती कुठे राहील, असं मी विचारलं. पाहू, म्हणाल्या.

९ एप्रिल
डोकं जड. तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं. उन्हामुळे असेल. दवाखान्यात बरं वाटतं, तिथे एसी आहे.

लहानगा सरळ ताठ पडून आहे. हात लावला तरी गोल होत नाही. पाय थरथरतात. फिटोनिया काढून फेकला. माझंच काहीतरी चुकलं असणार.

१२ एप्रिल
लहानगा मेला. सगळी झाडं उपटली, माती बदलली. धोटा आता साध्या पाल्यावर. तोही गोल होत नाही.

आरशात पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या तिळाएवढ्या. खोलीत दिवे असून अंधारल्यासारखं वाटतं.

१४ एप्रिल
झाडं नाहीत तरी धोट्याचे पाय थरथरतात. म्हणजे दोष झाडांचा नव्हताच.

पेटी उचलली. खालच्या टाइल्सच्या फटींत पिवळट चिकट ओल. वाकले तर तोच लसणाचा वास नाकात शिरला. गोदामातलं मुरलेलं औषध कूलरच्या ओलीने जमिनीतून वर येतंय.

मनोहररावांना बोलावून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. एवढंच विचारलं, वास कूलर लावल्यावरच आला का? आधी नव्हता ना?

रुखमाबाई शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला. तुझ्या आधी इथे राहिलेल्या पोरीला पावसाळ्यात असंच झालं होतं, म्हणाल्या. मग फरशी बदलली, रंग दिला. लेकीले ठेवायची हाय वं, आधी कोणी राहून पाह्यलं पाहिजे ना. अगदी मायेने म्हणाल्या. रागावण्यासारखं त्यात काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लहानग्याबद्दल मीही तेच म्हटलं होतं, हा काय, शेतातलाच.

उद्या सकाळीच इथून निघायचं. दवाखान्यात किती किरणं लागली ते मोजायला आमच्या छातीवर बिल्ला लावतात. इथे मीच बिल्ला.

१५ एप्रिल
सकाळी पाय उचलेनात. मनोहररावांनी वर नेलं नाही, धरून खोलीच्या दारापुढच्या छपरीतल्या खाटेवर टाकलं; माझा फोन आतच राहिला. डॉक्टर घरी आले. विचारलं, घरात काही विषारी? मी जमीन म्हणायच्या आत रुखमाबाई म्हणाल्या, हिनं वाणी पाळले हायेत, डॉक्टरसाहेब, हीच सांगते, अंगातून विषारी पाणी सोडते म्हणून.

माझंच वाक्य. शब्दाला शब्द.

डॉक्टरांनी मान डोलावली. सलाईन लिहून दिलं. त्या दोघांचे चेहरे असे उजळले — पुष्कळ दिवसांनी पाहिले तसे.

त्यांना खोली बरी ठरायला हवी होती. ठरली.

१६ एप्रिल
मनोहररावांनी पेटी अंगणात उपडी केली. धोट्यावर औषध ओतलं. खाटेवरून दिसत होतं. खूप वेळ लागला.

आधीच्या मुलीचं काय, असं विचारलं. रुखमाबाई म्हणाल्या, तिले तं परीक्षेचं टेन्शन होतं.

खोली फिनाईलने धुतली. नवी गादी. पाळणा.

१८ एप्रिल
अश्लेषाचा फोन आला. फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. हसत होती — किडे गेले ना वं तुझे? मी जमीन म्हटलं. जीभ जड. जमीन, जमीन. ती म्हणाली, काय म्हणून राहिली, समजत नाही.

रुखमाबाईंनी फोन घेतला. तापात बडबडते, म्हणाल्या.

माझं अक्षर मलाच लागत नाही आता. रेघा —

२० एप्रिल
अश्लेषाची गाडी उद्या पहाटेची. दादा दुपारी मला न्यायला येणार, रुखमाबाईंनी कळवलंय. मधे तिची अख्खी सकाळ त्या खोलीत —

मनोहरराव स्टेशनवर जातील. रुखमाबाईंनी कूलर भरून ठेवलाय. लेक उन्हातून येईल म्हणून.

खाट दाराशीच आहे. ती माझ्यासमोरूनच आत जाईल. बोलता येणार नाही. तिची ओढणी धरायची. बोटं मिटतात अजून, उजव्या हाताची. धरली की सोडायचं नाही. ओरडेल. पोटाला लागू द्यायचं नाही. फक्त उंबऱ्याच्या अलीकडे —

दारात गाडीचा आवाज. आत्ताच? पहाट झाली का? रुखमाबाई ओवाळणीचं ताट घेऊन — माझ्या खाटेला हात — खाट सरकवतायत, वाटेतून, भिंतीकडे —