उजवीकडची स्प्रिंग

१२ जानेवारी, रविवार

गाडी भिंतीत गेली नाही. एवढंच लिहायला हात धजतोय.

शिरोलीच्या बंद प्लॉटात शर्यतीच्या गाडीची चाचणी होती. चालवायला नेहमीसारखा सम्मेददादा. त्यानं क्लच सोडला आणि गाडी मागून डावीकडे बसली. उजवं मागचं चाक हलकं पडलं — आणि आख्खी गाडी उजवीकडच्या भिंतीच्या अंगावर! वीतभर अंतर राहिलं. दादा उतरला तो मातीतच बसला. मला वाटलं हसतोय. दात वाजत होते त्याचे.

मागच्या दोन्ही स्प्रिंगा मी ठरवलेल्या, आप्पांनी वळलेल्या. मऊ, आणि दोन्हीकडं सारख्या. मऊ असल्या की सुटताना वजन मागं येतं, टायर रस्ता धरतो. पण इंजिनचा जोर उजवं चाक उचलू बघतो, म्हणून तिकडची स्प्रिंग जरा कडक लागते. मला वाटलं, दादाचं नव्वद किलो उजवीकडंच बसतंय की, तेवढ्यानं भागेल. नाही भागलं.

रात्री आप्पा जेवताना एवढंच म्हणाले, "गाडी काट्यावर घालूया."

१३ जानेवारी

डोळे मिटले की भिंत.

प्लॉटात गाडी मी चालवली असती तर — असो. मला कधी कुणी विचारलं नाही, मीही कधी बोलले नाही.

१५ जानेवारी, बुधवार

मार्केट यार्डात, बाळासो काकांच्या गुळाच्या अडतीवर. आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. मागच्या दोन्ही चाकांखाली गूळ मोजायचा एकेक काटा, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या. दादा आला नाही. "पाठ धरलीय" म्हणे. मग त्याच्या वजनाइतके गुळाचे रवे सीटवर ठेवायचे ठरलं. एक रवा म्हणजे तीस किलोची ढेप.

"डायव्हर लई गोड हाय की गा, भूपाल," काका आप्पांना म्हणाले. हमाल हसले. मीही हसले, रविवारनंतर पहिल्यांदा.

आप्पांनी आधी सीट पुढं ओढली. कशाला, ते विचारायचं राहिलं. रवे स्वतः लावले, वर पोतं टाकून पट्टा बांधला. मी मागं काट्यांवरचे आकडे वाचत होते.

१८ जानेवारी, शनिवार

आकडे जुळत नाहीत. दादाइतकं वजन सीटवर असताना उजवं चाक इतकं हलकं भरतंच कसं?

उद्यमनगरात आमच्या शेडात गेले तर आप्पांनी नव्या स्प्रिंगांची तार वळूनही टाकलेली. उजवीकडच्या स्प्रिंगचे वेढे मोजले आणि चरकले. माझ्या अंदाजापेक्षा अर्धा वेढा कमी, म्हणजे स्प्रिंग फारच कडक. वर दादाचं वजन. आता गाडी डावीकडं फेकली जाणार.

"आप्पा, काटा चुकलाय."

"बाळासोचा काटा चुकत न्हाय. काट्यानं सांगितलं ते वळलंय."

पुढं बोलायची सोयच नाही. रागानं जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलंय.

२० जानेवारी, सोमवार

यार्डात जाऊन काकांनाच विचारलं, रवे किती ठेवले होते?

"दोनच की. मी तिसरा उचलत हुतो, तर तुझा आप्पा म्हणला ऱ्हाऊ दे."

दोन! नव्वद किलोच्या माणसाला दोन! तारेची जाडी बोटानं सांगणारा माझा बाप तीनपर्यंत मोजायला चुकला. तिथंच पोत्यावर बसले. काकांनी पाणी दिलं.

घरी आईला हळूच विचारलं, आप्पा हल्ली काही विसरतात का गं?

"पोळीवरचं तूप तेवढं विसरत न्हाईत," म्हणाली. मला हसू आलं नाही. आप्पा म्हातारे होतायत, आणि त्याची किंमत दादा मोजणार. मला भीती वाटतेय.

२१ जानेवारी

दादाला गाठलं. म्हटलं, या स्प्रिंगांवर गाडीत बसू नकोस, मरशील.

तो म्हणाला, "तुला आप्पानी सांगितलं न्हाय व्हय? मी बसणारच न्हाय. आता कधीच न्हाय. भिंतीच्या दिवशीच सांगितलं त्यास्नी."

दादा शर्यत सोडतो? दादा?

मग या स्प्रिंगा वळल्या कशाला? गाडी विकणार असतील.

२२ जानेवारी

आप्पा शेडात उजवीकडची स्प्रिंग बसवत होते. विचारलं, "रवे दोनच का?"

मान वर न करता म्हणाले, "तुझं वजन किती?"

छप्पन्न. हेल्मेट नि बूट धरून साठ.

गाडीत जाऊन बसले. पाय क्लचला बरोबर पोचला.