पांढराशुभ्र फिल्टर

७ सप्टेंबर, रविवार

मार्लीन काल तिच्या बहिणीकडे गेली, दक्षिणेला ग्रीन बे शहरात. कायमची नाही. निघताना म्हणाली, या घरात मला फार थंडी वाजते, वेस. बाहेर चांगलं ऊन होतं, पण गेल्या हिवाळ्यात आमची लाकडं जानेवारीतच संपली होती, हे मान्य करायला हवं. मुद्दा कळला. थँक्सगिव्हिंगला येईन, मग बघू, असं म्हणून गाडीत बसली.

म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत सरपणाची शेड आढ्यापर्यंत भरायची. शेगडीमागच्या भिंतीवर थर्मामीटर टांगला. घरात ऐंशी फॅरेनहाइट, त्याखाली एक डिग्री नाही. ती आल्याआल्या कोट काढील, असं घर तापवायचं.

करवत सासरेबुवांची वापरणार. एप्रिलमध्ये ऑस्कर गेले तेव्हा ही पेट्रोलवरची चेनसॉ त्यांनी मार्लीनसाठी ठेवली, माझ्यासाठी नाही. जाताना तिनं गॅरेजात येऊन करवतीवर हात ठेवला आणि म्हणाली, वापर, पण बाबांनी ठेवली तशी ठेव. यात सांगण्यासारखं काय आहे? अठ्ठावीस वर्षं काउंटीचा, रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा ट्रक चालवला मी. इंजिन म्हणजे काय ते मला कळतं.

९ सप्टेंबर

शेडमागच्या मेपलला हात घातला. उभ्या उभ्या वाळलेलं झाड. दुपारपर्यंत दोनच ओंडके झाले, कारण शेजारचा रूबेन हेक्कला कुंपणाला टेकून बघत होता आणि कोणी बघत असलं की माझं काम होत नाही. रूबेनचा जन्म जंगलात लाकूड तोडण्यात गेला. सल्ला दिल्याशिवाय त्याला घरी जाता येत नाही. म्हणाला, लेका, भुसा बघ की जरा. ढलप्या पडायला पाहिजेत, तुझं तर पीठ पडतंय. चेनला कानस लाव आधी. आणि हे पीठ इंजिनात गेलं ना, तर आतून घासून खाईल त्याला. ऑस्कर बघ, स्वतःचं तोंड धुवायच्या आधी हवेचा फिल्टर झटकायचा.

मी म्हटलं, बघतो.

चेनला धार उद्या.

१० सप्टेंबर

पाठ धरली. धार उद्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

झाकण काढून फिल्टर बघितला. बारीक भुशाचा बोटभर थर. ही मात्र रूबेनची चूक, त्यानं आधी सांगायला हवं होतं. भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुतला. रूबेन कुंपणावरून ओरडला की वाऱ्यावर ठेव, रात्रभर वाळू दे. याला म्हणतात जुनं डोकं. आज शनिवार, वाफेच्या अंघोळीचा दिवस, सौना तापलेलीच होती. वरच्या फळीवर, दगडांच्या बरोबर डोक्यावर फिल्टर टांगला आणि मी खालच्या फळीवर बसलो. सवयीनं दोघांपुरतं पाणी दगडांवर ओतलं. वाफ जास्त झाली.

अर्ध्या तासात फिल्टर खडखडीत वाळला. प्लॅस्टिकची कड किंचित वाकल्यासारखी वाटली. अंगठ्यानं दाबली, झाकण घट्ट आवळलं. बसला.

सौनानंतरची कॉफी एकट्यानं घेतली. वेलचीचा पाव नव्हता. मार्लीन करते तो.

१४ सप्टेंबर, रविवार

मार्लीनचा फोन. कसा आहेस, विचारलं. म्हटलं, उत्तम, फिल्टर धुतला. मग म्हणाली, मी तुझं विचारलं. आमच्याकडे फोनची लाइन चांगली नाही.

१९ सप्टेंबर

आज दिवसभर कापलं. संध्याकाळी झाकण उघडलं आणि पाहतच राहिलो. फिल्टर जसाच्या तसा पांढरा. एक कण नाही. सासरेबुवा बिचारे जन्मभर जुना टूथब्रश घेऊन रोज घासत बसले. त्यांना कोणी सौनाची युक्ती सांगितली नाही. सांगायला हवी होती. एकदा सांगू असं वाटलं, मग आठवलं.

चेनला धार: या आठवड्यात नक्की.

२३ सप्टेंबर

फिल्टर पांढरा.

२७ सप्टेंबर, शनिवार

फिल्टर पांढरा. आता रोज उघडून बघायचं कारण नाही, तरी उघडतो. बरं वाटतं. दिवसभरात बरं वाटण्यासारखी तेवढी एक गोष्ट असते.

शेड गुडघ्याइतकी.

२८ सप्टेंबर, रविवार

मार्लीनचा फोन. म्हणाली, बाबा गेल्यापासून तू त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा नाही. हे बरोबर नाही. त्या दिवशी चर्चबाहेर मी लोकांना गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होतो, चांगला दोन तास बोललो. तसं तिला सांगितलं. मग म्हटलं, त्यांची करवत झकास आहे, फिल्टर तर असा आहे की त्यावर जेवावं. ती म्हणाली, बरं वेस. आणि फोन ठेवला.

सासरेबुवांची आठवण येते. लिहून ठेवलं. झालं.

३ ऑक्टोबर

रूबेनला फिल्टर दाखवला. वाटलं, शाबासकी देईल. त्यानं हातात घेतला, उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, तीन आठवडे वाळकं मेपल कापून हा असा पांढरा? वेस, चाळणीत कोंडा राहिला नाही तर पीठ चांगलं होतं असं नाही, चाळण फुटलेली असते. नवा फिल्टर घाल. दुकानात मिळतो.

माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. रूबेनचे स्वतःचे फिल्टर मी पाहिलेत, चुलीतून काढल्यासारखे असतात. मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, तू नुसता बघतोस, लेका. आणि कॉफी अर्धी टाकून गेला.

११ ऑक्टोबर, शनिवार

चांगली बातमी. करवत सुरू करायची दोरी आता किती हलकी ओढली जाते. पूर्वी दोन्ही पाय रोवून ओढावी लागायची, आज दोन बोटांनी येते. इंजिन मोकळं झालं. इतकी वर्षं सासरेबुवांनी ते आवळून ठेवलं होतं. त्यांची एक खोड होती, करवत दोरीच्या मुठीला धरून उचलायची. ती तशीच लटकून राहायची, मग हळूहळू, कुरकुरत खाली यायची. म्हणायचे, दोरीवर लटकते तोवर इंजिनात दम आहे. मार्लीन लहान असताना तिला हा खेळ वाटायचा. ती दोरी धरायची आणि ऑस्कर मोजायचे.

एकाच ओढीत सुरू होत नाही आता, बऱ्याच लागतात. पण प्रत्येक ओढ हलकी. व्यायाम होतो.

सौना तापवली नाही. एकट्यासाठी लाकूड कशाला जाळायचं.

१८ ऑक्टोबर

यंदाचं मेपल फार कठीण आहे. करवत लाकडात शिरते आणि विचार करत बसते. पेट्रोलही आजकाल पूर्वीसारखं येत नाही.

चेनला धार लावायला कानस काढली. चष्मा सापडला नाही.

शेड कमरेपर्यंत.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिला बर्फ. मार्लीनचा फोन आला नाही. मी केला. तिची बहीण म्हणाली, ती फिरायला गेलीय. बर्फात? बहीण म्हणाली, इथे बर्फ नाही, वेस. मग हवेबद्दल थोडं बोललो. बहिणीशी मला चांगलं बोलता येतं.

फिल्टर पांढरा.

२ नोव्हेंबर

करवत सुरू होते, गरम झाली की बंद पडते, गार झाली की पुन्हा सुरू होते. म्हणजे मुळात ठीक आहे. तिला विश्रांती हवी आहे.

मलाही. दुपारी खुर्चीत बसलो तो अंधार पडेपर्यंत बसून होतो. झोप नव्हती. काही विचारही केला नाही. शेगडी विझली ते कळलंच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज करवत सुरू झाली नाही. शेड छातीपर्यंत आहे. उंच माणसाच्या छातीपर्यंत नाही, माझ्या.

नवा प्लग घातला. नाही. पेट्रोल बदललं. नाही. दोरी इतकी हलकी की ओढताना आपण काही ओढतोय असं वाटत नाही. फिल्टर उघडून बघितला. पांढरा. तेव्हा दोष तिथे नाही, एवढं नक्की झालं.

१० नोव्हेंबर

दुरुस्तीच्या दुकानात न्यायची ठरवली. तिथला माणूस पहिल्यांदा फिल्टर उघडतो, तोंड वाकडं करतो आणि मग बोलतो. यावेळी त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. आधी गॅरेज आवरतो, मग जातो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गॅरेज आवरून झालं आणि आज गेलो. दुकान बंद. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. अख्ख्या काउंटीत आज कोणी घरी सापडत नाही, हे मी जन्मापासून जाणतो, आणि तरी करवत घेऊन बंद दारासमोर उभा राहिलो. दारावर चिठ्ठी होती, जंगलात आहे.

मग मीही गेलो, ऑस्करच्या जुन्या मचाणावर. दरवर्षी आम्ही दोघं जायचो. ते एका कोपऱ्यात, मी दुसऱ्यात, दिवसभरात चार शब्द. फार चांगलं जमायचं आमचं. आज दुपारी एक मोठा नर आला, समोर उभा राहिला, माझ्याकडे बघत. बंदूक मांडीवर होती. मी उचलली नाही. दया आली असं नाही. काही आलंच नाही. तो गेला. मी आणखी बसलो. थंडी मात्र वाजली, आणि घरी आल्यावर शेगडीपुढे बसूनही गेली नाही.

कदाचित मार्लीनला वाजते ती हीच. तिला विचारायला हवं. फोनवर विचारायची गोष्ट नाही. भेटल्यावर विचारू.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठलो तर शेडपुढे फोडलेलं मेपल, ट्रकभर. टायरच्या खुणा रूबेनच्या घराकडे जात होत्या. त्याला फोन केला. म्हणाला, जास्तीचं होतं. मी म्हटलं, गरज नव्हती, करवत दोन दिवसांत सुरू होईल. म्हणाला, हो रे. मग म्हणाला, मार्लीन येते त्या दिवशी तिच्याशी बोल, वेस. लाकडांबद्दल नको.

रचायला दिवस गेला. शेड आढ्यापर्यंत. संकल्प पूर्ण.

२६ नोव्हेंबर

तयारी. करवत पुसली, रॉकेलनं, कोपरा न् कोपरा. झाकण चमकतं आहे. फिल्टर पांढरा असूनही पुन्हा धुतला. सौना तापवून, वरच्या फळीवर.

तिला विचारायच्या गोष्टी ठरवल्या. थंडी कुठून वाजते. ऑस्करबद्दल एक वाक्य तयार केलं, ते माझ्याशी चार शब्द बोलायचे, ते चार शब्द मला पुरायचे, असं. आरशासमोर म्हणून बघितलं. जमलं.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

पहाटेपासून शेगडीत लाकूड घालत होतो. ती दुपारी आली. वेलचीचा पाव आणला होता. काटा ऐंशीवर, माझा शर्ट पाठीला चिकटलेला. ती स्वयंपाकघरात खुर्चीत बसली. तिनं विचारलं, कसा आहेस? म्हटलं, शेड आढ्यापर्यंत.

मग म्हणाली, बाबांची करवत कुठाय?

मला हेच हवं होतं. वर्तमानपत्र पसरून टेबलावर ठेवली, झाकण उघडलं, फिल्टर काढून तिच्या हातावर दिला. म्हटलं, बघ. अख्खा मोसम कापलं त्यावर.

तिनं फिल्टरकडे बघितलंच नाही. खाली ठेवला. जिथून इंजिन श्वास घेतं त्या भोकात बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटावर पीठ होतं, तपकिरी, तेलकट. अंगठ्यानं चोळत बराच वेळ बसली. मग उठली, दोरीची मूठ धरली आणि करवत टेबलावरून उचलली.

करवत लटकली नाही. सरळ खाली गेली, जमिनीवर आपटली. मार्लीन उभीच होती, मूठ हातात, दोरी पुरती बाहेर आलेली.

ती म्हणाली, कड वाकलीय, वेस. धूळ बाजूनं जात होती. याला काही लागलंच नाही, म्हणून हा एवढा पांढरा.

मी म्हटलं, नवा पिस्टन घालता येतो. फरशीवर खळगा पडला होता, तोही भरता येईल. ती रडत होती. आवाज करत नव्हती. ते ऑस्करबद्दलचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं, अगदी शब्दन् शब्द. मी पाव कापायला सुरी शोधली. सुरी नेहमीच्या जागी नव्हती.

तिनं मला हाक मारली. वेस. फक्त एवढंच. मी म्हटलं, सापडली.

करवत तिनं स्वतः उचलून नेली. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, घोंगडी गुंडाळून, कोणी आजारी असावं तशी. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली. अंधार पडायच्या आत जायला हवं, रस्ते निसरडे आहेत. हे खरं आहे. मी तिला कोणत्या वळणावर जपायचं ते सांगितलं. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे.

फिल्टर टेबलावरच राहिला.

ती दोन तास होती. शेगडी लाल, शेड भरलेली, घरात ऐंशी. तिनं कोट काढला नाही.

थर्मामीटर चुकीचा दाखवत असणार. उद्या तपासून घ्यायचा.