एकच चोर राहिलाय

९ नोव्हेंबर, दुपारी दोन
यांच्या वर्षश्राद्धाला एकवीस दिवस आहेत. आज यांचा पोलिसाचा गेम संपवायला घेतला. एकवीस दिवस जास्तच होतात. आठात होईल.

कशासाठी ते लिहून ठेवते, म्हणजे मधेच मला शंका यायला नको. गेल्या वर्षी दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. दीर आबासाहेबांनी एकेक कबूल केलं. ट्रॅक्टर विकणार नाही. वहिनींना एकटं पडू देणार नाही. लेकीला, राजेश्रीला, दिवाळीला आणू. कावळा झाडावरच. ऊन चढलं, माणसं भुकेजली. शेवटी माझ्या तोंडून निघालं, तुमचा राहिलेला गेम मी पूर्ण करते. कावळा लगेच आला. माणसं हसली, पण आला हे सगळ्यांनी बघितलं.

त्याला अकरा महिने झाले. आधी दुःख होतं, मग पेरणी, मग सोयाबीन. दुःख अजून आहे, पण सोयाबीन झालं.

१० नोव्हेंबर
जीप सुरू झाली. थांबवायची कशी ते उद्या बघते.

११ नोव्हेंबर
गेम सोपा आहे. मोठं शहर, आपण पोलीस. जीप घेऊन कुठंही जा, चोर दिसला की पाठलाग करा, खाली उतरून मारामारी करा. यांना खरंच पोलीस व्हायचं होतं. भरतीत छाती एका बोटानं कमी भरली, मग जन्मभर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर नेला. म्हातारपणी राजेश्रीनं परभणीहून तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला तेव्हा कुठं पोलीस झाले. सगळे चोर धरले, शेवटचा तेवढा सापडत नाही, असं दोन वर्षं म्हणत होते.

त्यांचा हात जड होता. ट्रॅक्टरची सवय. माझं तसं होणार नाही.

१२ नोव्हेंबर, दुपारी
चोर पांढऱ्या गाडीत असतो. आज दिसला. लाल दिवा लागला म्हणून मी थांबले, तो थांबला नाही. पडद्यावर इंग्रजी पाटी आली. मी शाळेत गेले नाही, राजेश्रीच्या अंकलिपीवर तिच्याबरोबर वाचायला शिकले. इंग्रजी अजून एकेक अक्षर लावते. पण फेल हा शब्द लगेच लागला.

पोलिसानंच सिग्नल मोडायचा, हे गेम बनवणाऱ्याला शोभत नाही.

१४ नोव्हेंबर
शेजारची सरजाबाई ताक मागायला आली आणि बसलीच. पडदा बघून म्हणाली, आगं एवढं मोठं गाव आन् कुठं शेत दिसंना, ही माणसं खातेत काय. मग म्हणाली, तू आशी कडंकडंनं चाललीस, बाजाराला निघालीस का चोर धरायला. मला हसू आलं, त्यात जीप पुलावरून नदीत गेली.

पुढं जाऊन पडले, हे महत्त्वाचं. काल पुलापर्यंत पोचलेसुद्धा नव्हते.

१५ नोव्हेंबर
नियम केला. जेवण झाल्यावर एकच तास. घड्याळ समोर ठेवायचं.

१६ नोव्हेंबर
घड्याळ समोर ठेवलं की रस्ता झाकतो. काढलं.

१७ नोव्हेंबर, दुपारी चार
आज वेग धरला. एका फळवाल्याच्या गाड्याला धक्का लागला. उतरून बघावं म्हटलं. उतरायचं बटण समजून दुसरंच दाबलं, तर मी त्या फळवाल्याला लाथ मारली. मग माझ्याच खात्याचे चार पोलीस माझ्या मागं लागले. त्यांना समजावून सांगायचं बटण कुठंच नाही.

सरजाबाईनं ही गोष्ट पिठाच्या गिरणीत सांगितली. आता बाया विचारायल्यात, फळवाल्याचं काय झालं.

१९ नोव्हेंबर
कापूस वेचायला बाया येऊन परत गेल्या. मी ऐकलं नाही, मी पुलाच्या पलीकडं होते. निम्म्या बाया ऊसतोडीला गेलेल्या, उरलेल्या उद्या येतात की नाही देव जाणे. पण कापूस झाडाला राहिला म्हणून पळून जात नाही. चोर जातो.

दुपारी आबासाहेबांचा फोन. म्हणाले, वहिनी, ऐकतो ते खरं हाय का, तुमी पोलिसात भरती झालात म्हणे. मी म्हणाले, शब्द दिलाय. ते म्हणाले, मग श्राद्धाच्या दिवशी जेवणावळीआधी सगळ्या पाहुण्यांना चोर धरून दाखवा, आमालाबी बघू द्या. मी म्हणाले, बघा की. घाटावरची सगळी माणसं येणार आहेत.

बरं झालं. आता मागं हटायची सोय नाही, आणि मला ती नकोच होती.

२१ नोव्हेंबर
मारामारी मला चांगली जमते. चोराचे सहा साथीदार आडवे पाडले. सरजाबाई म्हणाली, इतका राग कुठं ठेवला होतास ग बाई. मी म्हणाले, राग कसला, बटण आहे.

सातव्यानं मला पाडलं. तेव्हा ती बोलत होती.

२२ नोव्हेंबर
पुढं जायचं बटण यांच्या बोटानं झिजलंय, वरचं अक्षर पुसून गेलंय. खुर्चीवरची उशीही त्यांच्याच बाजूला दबलेली. मी सरळ करत नाही. तशीच बसते, म्हणून जीप डावीकडं जात असेल.

२४ नोव्हेंबर
फेल. अकरा वेळा. खरं तर दहा, एकदा लाईट गेली.

डाळ लागली. कुकर बदलायला झालाय.

२५ नोव्हेंबर
बाया आल्या, कापूस निम्मा झाला. त्या वेचत होत्या तेव्हा मी बांधावर बसून रस्त्याचा कागद काढला. कुठं वळायचं, कुठं हळू. मुकादमीण म्हणाली, मावशी, तुमच्या नकाशात आमच्या शेताची वाट कुठाय. फार हसल्या. मीपण हसले. हे जाऊन वर्ष व्हायला आलं, शेतात मी पहिल्यांदाच हसले असेन. लिहून ठेवलं, कारण राजेश्री फोनवर विचारते.

२७ नोव्हेंबर
कागदाप्रमाणं गेले. चोर कागदाप्रमाणं गेला नाही.

अजून तीन दिवस आहेत, पुष्कळ झाले.

२८ नोव्हेंबर, सकाळी
परीक्षा जवळ आली की पुस्तक मिटावं असं म्हणतात. बोटं दुखतात म्हणून नाही, पण आज विश्रांती.

संध्याकाळी
विश्रांती घेताना नऊ वेळा फेल.

२९ नोव्हेंबर, दुपारी
राजेश्री आली. मी तिला खरं सांगितलं. उद्या माणसांसमोर बसायचंय आणि चोर एकदाही हाताला लागलेला नाही. त्यांचं एवढं एकच राहिलं होतं आणि तेही मला करता आलं नाही. रडू आलं. वर्षभरात तिच्यासमोर रडले नव्हते.

तिनं कॉम्प्युटर लावला आणि एक पान उघडलं. मी ते कधी उघडलं नव्हतं, सगळं इंग्रजी म्हणून. सगळ्या केसेसची यादी होती. प्रत्येकीपुढं बरोबरची खूण आणि तारीख. शेवटच्या चोरापुढंसुद्धा. तारीख हे जायच्या दीड वर्ष आधीची.

म्हणाली, आई, बाबांनी सगळा गेम कधीच संपवला होता. संपल्यावरही शेवटची केस परत खेळता येते, ते रोज तीच लावून बसायचे. मी म्हणाले, मग घाटावर का बोलली नाहीस. म्हणाली, घाटावर मला सुचत नव्हतं. आन् आता तू फोनवर इतकं बोलायलीस, फळवाला काय, पूल काय, मला सांगू वाटंना.

मी जुनी वही काढली. त्या तारखेला मी सकाळीच पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले होते. माझ्याच अक्षरात पुढं लिहिलंय: संध्याकाळी आल्यावर विचारलं, चोर सापडला का. म्हणाले, निसटला. मी म्हणाले, तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही. चहा केला.

आबासाहेबांना उद्या सांगेन की गेम पूर्ण आहे, यादी बघा. खोटं नाही.

संध्याकाळी सहा
राजेश्रीला विचारलं, पण मला का नाही सांगितलं त्यांनी. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मीबी त्यांना तेच म्हणले होते. तर म्हणाले, तुझी आई रोज दारातून आल्या आल्या इचारते, सापडला का. सापडला म्हणलं तर उद्यापासून काय इचारंल.

मी काही रोज विचारत नव्हते. लग्नसराईत तर मी चार-चार दिवस घरी नसायचे.