एक्सच्या जागी घड्याळवाला

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगांनी घातला आहे, उरलेली दोन समक्ष भेटीत.) मामीचा गुडघा काय म्हणतो? तुमचा रक्तदाब खाली असेल तरच पुढे वाचावं.

आमच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या त्या मुलीबद्दल मागे लिहिलं होतं. मला ती फार आवडते, मामा, यात चेष्टा नाही. अडचण एवढीच, की तिचा नंबर भलताच मोठा आणि ती आली की चष्मा माझ्या हातात. त्यामुळे गप्पा पुष्कळ झाल्या, पण तिने मला पाहिलेलं नाही. (तिच्या लेखी मी म्हणजे एक पुसट, बोलका डाग.) शेवटी धीर करून लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, माझी हरकत नाही, बाबांना भेटा. बाबा निघाले गणिताचे प्राध्यापक! त्यांची अट अशी, की जावयाने त्यांच्यासमोर फळ्यावर एक इंटिग्रल सोडवायचा. वर नुसता एक, छेदात एक्स गुणिले एक्सचा नॅचरल लॉग.

तुम्ही कान धरून शिकवलेलं आठवलं. लॉगला घाबरायचं नाही. शेजारी एक भागिले एक्स उभा दिसला, की लॉगला उचलून त्याच्या जागी साधासुधा यू बसवायचा, आणि गणित सुटलं की यूला उठवून लॉगला परत आणायचं. पद्धत तोंडपाठ होती. फळ्यासमोर उभं राहायचं, तेवढाच भाग कच्चा. तेव्हा म्हटलं, पद्धत पुरतीच वापरू. अवघड जागी मी. शेजारी कोण उभा? शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला! साधासुधा माणूस, गणितात तरबेज. माझा कोट घालून त्यालाच पाठवला, आणि घसा बसल्याचं सोंग करायला बजावलं.

त्याने दोन ओळींत निकाल लावला. लॉगचा लॉग, अधिक सी. (मॉड्युलसच्या उभ्या रेघांसकट.) प्राध्यापकांनी त्याला मिठी मारली आणि लग्नाची तारीख ठरवून टाकली. शेवटची पायरी, म्हणजे यूला उठवून मूळ माणूस परत घालायचा, ती मात्र राहूनच गेली. आता हा गृहस्थ रोज त्यांच्याकडे चहाला जातो, न बोलता मान डोलावतो आणि उठायचं नाव घेत नाही. कोटही परत देत नाही. तुम्ही वडीलधारे, येऊन प्राध्यापकांना राहिलेली पायरी समजावून सांगा.

तुमचा भाचा (मूळचा)

ता. क. पत्र पाकिटात घालतो तोच ती आली, सोबत घसा बसलेला घड्याळवाला. आपला आणि बाबांचा, दोन्ही चष्मे तिने स्क्रू आवळायला काउंटरवर ठेवले. मी "या, बसा" म्हणालो आणि तिने आवाज ओळखला! मग सगळं सांगावंच लागलं. आधी रागावली, मग हसली, आणि घड्याळवाल्याला परत पाठवायचं कबूल केलं. पण तिची अट बापापेक्षा कडक. रविवारी मी स्वतः येऊन नुसत्या लॉगचा इंटिग्रल सोडवायचा. शेजारी एक भागिले एक्स नाही, कोणीच नाही. तिथे एकाच्या जागी दुसरा बसवून भागत नाही म्हणे. (बिनचष्म्याच्या तिला घरी घड्याळवाल्याने सोडलं, हे मला मुळीच आवडलेलं नाही.)

ता. ता. क. मामा, तुमची उंची माझ्याएवढीच आहे. दोन्ही चष्मे सोमवारपर्यंत माझ्याकडेच राहतील अशी व्यवस्था केली आहे. रविवारी सकाळी या, कोट तुमचाच आणा. फक्त तोंड उघडू नका. आवाज ती ओळखते.