जावा स्लो आहे, हे सिद्ध करणे

४ जून
वाचनालयांसाठी नवं सॉफ्टवेअर करायचंय. प्रोजेक्टचा प्रमुख मीच होणार, यात शंका नाही. एवढी सीनियॉरिटी काय उगाच आहे? टीममधली नवी चष्मेवाली म्हणाली की प्रोग्राम जावा भाषेत लिहू. मला हसूच आलं. जावा स्लो आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साहेब म्हणाले, दोघांनी वीस तारखेला आपापला नमुना दाखवा, ज्याचा पटेल तो प्रमुख. असो. पोरीची हौस फिटू दे.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून माझ्या जुन्या सी प्लस प्लस भाषेत नमुना लिहायचा.

५ जून
उठलो नाही. पण विचार पक्का झालाय.

८ जून
चष्मेवालीने विचारलं, सर, तुम्ही जावा शेवटची कधी वापरलीत? मी म्हटलं, विषाची परीक्षा रोज घ्यायची नसते. त्यानंतर कितीतरी नव्या आवृत्त्या आल्या, म्हणे. आल्या असतील. मी काय करू?
घरी बायकोला म्हटलं, उद्यापासून सकाळचं दूध मी तापवतो. नको, म्हणाली, उतू घालवशील. अगं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात एकदा गेलं होतं! तेव्हापासून तेच तुणतुणं. माणूस सुधारू शकतो, हे काही लोकांच्या गावीच नसतं. फार वाईट वाटलं.

१२ जून
पुरावा म्हणून ऑफिसच्या मशीनवर जावाचा एक प्रोग्राम चालवला. क्लिक केलं आणि उघडलासुद्धा. संशय आला. विचाराअंती लक्षात आलं: मशीन नवं आहे, म्हणून भाषेचे दोष झाकले जातात. शुद्ध लबाडी! खरी परीक्षा जुन्या मशीनवरच. माळ्यावर माझा जुना कॉम्प्युटर आहे, आत त्या काळची जावा जशीच्या तशी. खाली उतरवला. कंबरेत उसण भरली. बायको म्हणाली, हे धूड भंगारात दे म्हणून किती वर्षं सांगतेय. पुरावे कोणी भंगारात देतं का?

१३ जून
जुन्या कॉम्प्युटरवर जावा लावली आणि आंघोळीला गेलो. परत आलो तरी स्क्रीनवर प्रोग्रामची खिडकी उघडली नव्हती. तीच जावा! डोळे भरून आले.

१७ जून
नमुना लिहायचा राहिलाय. कंबर. शिवाय समोरचा हरलेलाच आहे, तर आपण कशाला राबायचं?

२० जून
कॉम्प्युटर टॅक्सीने नेला. ड्रायव्हर ढिम्म, हात लावेल तर शपथ. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर जावा सुरू केली. ती उघडेपर्यंत वेळ जायला हवा, म्हणून साहेबांनी चष्मेवालीला तिचा नमुना दाखवायला सांगितलं. सभासद, पुस्तकं, परतीच्या सूचना, सगळं झालं. टाळ्या पडल्या. तेव्हा कुठे माझी खिडकी उघडली. मी म्हटलं, बघा! साहेबांनी त्याच मशीनवर साधा कॅल्क्युलेटर उघडायला सांगितला. सगळ्यांचा चहा पिऊन झाला, कॅल्क्युलेटर काही आला नाही. मग त्यांनी विचारलं, तुमचा नमुना कुठाय?
कंबरेचं सांगितलं.
प्रमुख चष्मेवाली. जाताना म्हणाली, सर, टीममध्ये या ना, नवी जावा मी दाखवते. पोरीला मोठ्यांची कदर आहे. माझ्याशिवाय तिचं अडणार, हे उघड आहे.

२१ जून, सकाळ
बायकोला रात्रीपासून ताप. मी तेव्हाच म्हटलं, सकाळी पडून राहा, दूध मी बघतो. गॅसपाशी उभा राहून चष्मेवालीने फोनवर पाठवलेली नव्या जावाची माहिती वाचायला घेतली. मी ज्या ज्या तक्रारी करत आलो, त्यातल्या बहुतेक केव्हाच दूर झाल्यात. म्हणजे मी मीटिंगांमध्ये बोलत होतो, तेव्हाही झालेल्याच होत्या. कोणी सांगितलं कसं नाही? बहुधा सांगितलं होतं. वाचतच राहिलो. भाषा खरंच बदललीये.
चर्र आवाज आला तेव्हा दूध अर्ध्या ओट्यावर पसरलं होतं.
बायको उठून आली. ओटा पुसायला घेतला. फडकं तिने रात्रीच काढून ठेवलं होतं.