बाहेरची कडी

माय, सुतार ओट्यावर बसून आहे अन् मी त्याले कड्या कुठं ठोकायच्या ते सांगून नाही राहिली. त्याचा दोनदा चहा झाला. "बाई, मोकळं करा मले, दुसरीकडं काम हाये," म्हणते. मी म्हटलं, बस गुमान, अन् आत येऊन चुलीपाशी हे लिहायले बसली. चौथीत शाळा सुटली त्यानंतर एवढं कधी लिहिलं नाही, तर अक्षराले हसू नको. तुले तर तेवढंही येत नव्हतं.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याले तीन खोल्या घेतल्या आहेत. दवाखान्यातली आयाची नोकरी सोडली. माह्याबरोबर दवाखान्यातलीच आपा आहे. तिथं आम्ही दोघींनी मिळून किती बाळंतपणं केली असतील, मोजली नाहीत. इथं ज्याचं भान सुटलं असे म्हातारे-म्हाताऱ्या ठेवायच्या. पोटचं पोरगं ओळखू येत नाही, जेवून हात धुतला का पुन्हा ताट मागतात, रस्ता दिसला का चालू लागतात. घरचे म्हणतात चळ लागला. दवाखाना नाही हा. राहायचं, खायचं, अन् कोणीतरी सोबतीले. लोक हसतात, म्हाताऱ्यांची बालवाडी म्हणतात. आपा म्हणते, "हसने दो, कल येहीच आएंगे हात जोड़के." अन् हेच लोक मले म्हणतात, मायची सेवा केली म्हणून बाईले हे सुचलं. मी ऐकून घेते. मी, जिचं तोंड कधी बंद नसते.

आपल्या गावची सांज आठवते. बार्शीटाकळीच्या रस्त्यानं शेतातले बैल परतायचे अन् तू टोपली घेऊन निघायची, मी तुह्या मागं. गावकीचं काम आपल्या लोकांकडं, त्याच्या बदल्यात दारोदारची भाकर. पाटलाच्या ओट्याखाली आपण उभं राहायचं, हात लागू नये म्हणून पाटलीण वरूनच टाकायची. टोपली भरली का मी पदर धरायची, तुह्या लुगड्याचा फाडून मले दिलेला. मग नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या रोजी तूच ती टोपली चुलीत घातली. मी मोठी, लग्नाची, अन् तू मले लहान पोरीसारखं जवळ ओढून म्हणाली, "पाह्य. आता तू कोनापुढं पदर पसरू नको." टोपली चरचर जळत होती अन् तू हसत होती.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी तुह्या डोक्यातून हे सगळं निघून गेलं. अकोल्यात जठारपेठेतल्या माह्या खोलीवर तुले आणलं होतं. एक दिवस मी कामावरून येऊन राहिली, पांढरं लुगडं, पायात चप्पल, अन् पाहते तर वकिलाच्या घरासमोर तू. हातात माही धुण्याची टोपली. दारापासून लांब उभी, मान खाली. "भाकर वाढा वं माय." ओट्यावरच्या बाया तुह्याकडं पाहतात, मग माह्याकडं. मी तुह्या दंडाले धरून ओढते. "लाज नाही वाटत तुले? तूच जाळली ना टोपली!" तू मले ओळखत नाही. दंड सोडवत म्हणते, "सोड वं बाई. घरी माही पोरगी उपाशी हाये."

ती पोरगी म्हणजे मी. हे मले तवाच कळलं होतं, माय. तरी ओढत नेलं.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना मी बाहेरून कडी लावायले लागली. शेजारच्या बाया म्हणाल्या, बरं केलं. संध्याकाळी दार उघडायची तर ते लवकर उघडायचं नाही, तू दारालेच टेकून बसलेली असायची. तू गेली तवाही कडी बाहेरूनच होती.

परवा पहिली म्हातारी आली. कोण म्हणशील? आपल्या गावची पाटलीण. वाळून काडी झाली. पोरगा घेऊन आला, तोच जो आपल्याले ओट्यावर पाय ठेवू देत नव्हता. सून थकली म्हणे, रोज सांजीले म्हातारी घराबाहेर पळते. मले बाजूले घेऊन म्हणाला, "गावात सांगितलं का माय मोझरीले आश्रमात ठेवली. तुमच्या घरी ठेवली हे कोनाले बोलू नका."

"माह्या घरचं पाणी चालते ना तिले?" मी विचारलं.

"तिले काय समजते आता," म्हणाला.

"तुमाले समजते ना? मंग तुमीच तहानलेले जा." तसाच गेला. आपा हसली, "पहला गिराईक, और तू झगड़ पड़ी."

पण दिवेलागणीले म्हातारी उठली. चुलीवरून उतरवलेली भाकर घेतली अन् दाराकडं निघाली. मी बाहेर अंगणात होती. ती उंबऱ्यात थांबली, मले पाह्यलं, अन् भाकर धरलेला हात उंच केला. "जवळ नको येऊ. पसर."

मी काय करायले पाह्यजे होतं? आपा म्हणते, उसका हात पकड़के नीचे करना था. खरं आहे. पण माह्या डोक्यानं काही ठरवायच्या आधी हातांनी पदर पसरला. भाकर पडली. गरम होती. तू टोपली जाळली, अन् माह्या हाताले अजून सगळं येते. मले एवढी लाज वाटली का जमीन दिसेना. तेवढ्यात ती म्हणाली, "तुही माय काऊन नाही आली आज? तिच्या वाटची ठेवली म्या."

मी म्हटलं, "येते. उद्या येते."

लबाड बोलली. म्हातारी समाधानानं आत गेली, जेवली अन् झोपली. आपा माह्यावर तडकली. "उसका दिमाग गया, तेरा भी गया क्या? कलसे मैं खड़ी रहती. मेरे को कुछ नहीं लगता. तू मत खड़ी रह, सुन." मी हो म्हटलं.

सुतार पुन्हा आवाज देऊन राहिला. त्याले सांगते, कड्या परत ने बाबा, एकही ठोकू नको. सांजीले कोणीतरी दारात बसत जाईल. त्यासाठी एखादी बाई लागली तर ठेवू.

अन् हे आपाले सांगितलं नाही, तुलेच सांगते. काल सांजीले तिले तेल आणायले बाजारात धाडलं, अन् अंगणात मीच उभी राह्यली. तेल घरात होतं. पाटलीण पुन्हा तुह्याबद्दल विचारते का, तेवढंच ऐकायचं होतं.